भाचीचा एच-४, नवऱ्याची धमकी आणि "त्यांनी मारलं" या दोन शब्दांचं इंग्रजी

ताई, तुमचा प्रश्न मी आधी थोडक्यात परत सांगते म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. भाची तीन वर्षं अमेरिकेत न्यू जर्सीत आहे एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर, नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आयटीत, हात उचलतो, तिचा पासपोर्ट त्याच्या कपाटात कुलूपबंद, तिला इंग्रजी समजतं पण बोलायला गेलं की शब्द अडतात, आणि तो रोज ऐकवतो की पोलिसांना फोन केलास तर तुलाच डिपोर्ट करतील. तुम्ही नाशिकला बसून विचारताय की तिला तिथे काही हक्क आहेत का, आणि मराठीत बोलली तर ऐकणार कोण.

हक्क आहेत. आणि मराठीत ऐकायला लावता येतं, पण ते मागावं लागतं, आपणहून कोणी आणून देत नाही. मी वकील नाही, पण सतरा वर्षं इथे न्यू जर्सीत अशाच बायकांबरोबर पोलीस स्टेशन, कोर्ट, हॉस्पिटल आणि वकिलांची ऑफिसं फिरतेय, त्यामुळे जे रोज बघते तेच लिहिते. तिच्या केसचा शेवटचा निर्णय मात्र इमिग्रेशनच्या वकिलाला विचारूनच घ्यायचा, हे आत्ताच सांगून ठेवते.

आधी त्या धमकीबद्दल. तिचा व्हिसा त्याच्या व्हिसावर अवलंबून आहे हे खरं आहे, आणि म्हणूनच धमकी खरी वाटते. पण तिला देशाबाहेर काढायचा अधिकार नवऱ्याच्या हातात नाही. ९११ ला, म्हणजे इथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन केला तर येतात ते गावचे पोलीस, इमिग्रेशनवाले नाही. न्यू जर्सीच्या ॲटर्नी जनरलनी २०१८ मध्ये काढलेला आणि २०१९ पासून लागू असलेला आदेशच आहे की राज्यातल्या पोलिसांनी इमिग्रेशनच्या कामात पडायचं नाही आणि गरज नसताना कोणाचं स्टेटस, म्हणजे देशात राहायचा कायदेशीर दर्जा, विचारायचं नाही, आणि तक्रार करायला आलेली बाई तर त्यात आलीच. दुसरं म्हणजे फेडरल कायदाच असा आहे की अत्याचार झालेल्या व्यक्तीने इमिग्रेशन खात्याकडे संरक्षणाचा अर्ज केला तर त्याची माहिती, अर्ज केलाय एवढीसुद्धा, खात्याने नवऱ्याला द्यायची नाही, आणि नुसत्या नवऱ्याने सांगितलेल्या माहितीवर तिच्याविरुद्ध कारवाई करायची नाही. हे मोडणाऱ्या अधिकाऱ्याला दर वेळेला ५,००० डॉलरपर्यंत दंड आहे. म्हणजे "मी एक ईमेल टाकला की तू विमानात" हे जे तो म्हणतो ना, ते तसं होत नाही.

रिस्ट्रेनिंग ऑर्डर, म्हणजे त्याने जवळ यायचं नाही असा कोर्टाचा हुकूम, हा कुठल्याही स्टेटसच्या बाईला मिळतो, स्टेटस गेलेलं असलं तरी. न्यू जर्सीत आधी तात्पुरती ऑर्डर मिळते, दिवसा काउंटीच्या फॅमिली कोर्टात आणि रात्री-सुट्टीच्या दिवशी पोलीस स्टेशनमधूनच, आणि मग साधारण दहा दिवसांत पक्क्या ऑर्डरची सुनावणी लागते. पक्की ऑर्डर मिळाली की ती इथे आपोआप संपत नाही, इतर काही राज्यांत वर्षा-दोन वर्षांनी नव्याने मागावी लागते. त्या ऑर्डरमध्ये घर कोणाकडे, मुलं सध्या कोणाकडे, खर्चाला पैसे, हे सगळं मागता येतं. पोलीस बरोबर घेऊन घरी जाऊन कपडे, औषधं, कागदपत्रं आणता येतात, त्यात पासपोर्टचं नाव आवर्जून लिहून घ्यायचं. एक गोष्ट तिला आधी माहीत असू दे, अंगावर मारल्याची खूण दिसली तर इथल्या पोलिसांना त्याला अटक करावीच लागते, "साहेब समजावून सांगा फक्त" असं इथे चालत नाही. खूप बायका नंतर मला म्हणतात, मला त्याला आत टाकायचं नव्हतं हो, मला फक्त थांबवायचं होतं. अटक झाली की त्याच्या व्हिसावर परिणाम होऊ शकतो आणि त्याचा गेला की तिचाही जातो, म्हणून जीवाला धोका असेल तर एक सेकंद विचार न करता फोन, पण तसा धोका त्या क्षणी नसेल तर आधी वकिलाशी बोलणं झालेलं बरं.

आता भाषेचं. इथे मी जरा जास्त थांबणार आहे कारण केसेस मोडताना मी सगळ्यात जास्त इथेच पाहिल्यात.

सातारा बाजूची एक मुलगी होती, ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून सांगते. रात्री पोलीस आले, फोनवर इंटरप्रिटर लावला, मराठीचा मिळेना म्हणून हिंदीचा. तिने सांगितलं, त्यांनी मला मारलं. आपण नवऱ्याला अरे-तुरे करत नाही, नाव घेत नाही, अहो-जाहो करतो, "ते" म्हणतो. इंटरप्रिटरने इंग्रजीत सांगितलं "दे हिट मी". दे म्हणजे इंग्रजीत अनेक जण. घरात दीरही राहायचा. पोलिसाने रिपोर्टात लिहिलं की घरातल्या लोकांनी मारलं. पक्क्या ऑर्डरच्या सुनावणीला नवऱ्याच्या वकिलाने तोच कागद वर धरला आणि विचारलं, त्या रात्री तुम्ही म्हणालात अनेकांनी मारलं, आज म्हणताय एकट्या नवऱ्याने मारलं, नक्की खरं काय? ती माझ्याकडे बघायला लागली, तिला कळतच नव्हतं की तिने कधी असं म्हटलं. खोटं ती एक शब्द बोलली नव्हती, तिने फक्त नवऱ्याला मान दिला होता. तो आदरार्थी बहुवचनाचा घोळ जजला समजावून सांगण्यात आमची सगळी सकाळ गेली. तेव्हापासून प्रत्येकीला पहिली गोष्ट मी हीच सांगते, की बाई, पोलिसांसमोर "ते" नाही म्हणायचं, "माझा नवरा" म्हणायचं, प्रत्येक वाक्यात म्हणायचं, जीभ अडखळली तरी.

दुसरा शब्द "त्रास". आपल्याकडे मार खाल्लेली बाई पण म्हणते खूप त्रास देतात हो. त्याचं इंग्रजी होतं "तो मला डिस्टर्ब करतो", आणि जजला वाटतं टीव्ही मोठ्याने लावत असेल. "रात्रीचा त्रास" तर विचारूच नका, एका नर्सने तो झोप येत नाही म्हणून लिहिला होता. खरं तर अमेरिकेत १९९३ पासून सगळ्या ५० राज्यांत नवऱ्याने बायकोवर केलेली शरीराची जबरदस्ती हा गुन्हा आहे, आपल्याकडे भारतीय न्याय संहितेत अजूनही नवऱ्याला त्यातून सूट आहे, त्यामुळे आपल्या बायकांना तो गुन्हा असतो हेच माहीत नसतं आणि त्या तो सांगतच नाहीत. "गळा धरला" आणि "गळा दाबला" यातही जमीन-अस्मानाचा फरक आहे, गळा दाबणं हा इथे फार गंभीर गुन्हा धरतात, धरला म्हटलं की इंटरप्रिटर कॉलर पकडली असं काहीतरी सांगतो. म्हणून मी विचारते, श्वास अडकला का, डोळ्यांपुढे अंधारी आली का, नंतर आवाज बसला का, गिळताना दुखत होतं का. भाचीलाही सांगा की त्रास, छळ, वाईट वागतात हे शब्द बाजूला ठेव आणि हाताने काय केलं ते सांग. उजव्या हाताने केस धरले, डोकं फ्रिजच्या दारावर आपटलं, कुठल्या खोलीत, मुलं कुठे होती. आणि "परवा" म्हणू नको, तारीख सांग, कारण आपला परवा मागचाही असतो आणि पुढचाही, आणि कधी कधी तर "परवाच तर झालं" म्हणजे दोन महिने झालेले असतात.

आणि एक सवय. समोरचा बोलताना आपण हं, हं करत मान हलवतो, त्याचा अर्थ "ऐकतेय" असा असतो, इथे त्याचा अर्थ "हो, बरोबर" असा लिहिला जातो. पोलीस विचारतो, त्याने कधी हत्याराने धमकावलं नाही ना? ती हं म्हणते. झालं, लिहिलं गेलं.

हिंदी चालेल का असं विचारलं की आपल्या बायका भिडेखातर म्हणतात चालेल. नाही चालत. सिनेमा बघण्यापुरतं हिंदी येणं वेगळं आणि रडत रडत शरीरावर काय झालं ते हिंदीत सांगणं वेगळं. मराठीचा इंटरप्रिटर फोनवर मिळतो, कधी वीस मिनिटं थांबावं लागतं, थांबायचं. तीन इंग्रजी शब्द पाठ करून ठेवायला सांगा: मराठी, इंटरप्रिटर, आणि घराचा पत्ता. ९११ वर एवढं बोलली तरी पुढचं काम सुरू होतं. तिला भीती वाटेल की मराठी इंटरप्रिटर म्हणजे इथल्या एडिसन गावच्या गणपतीत भेटणारं कोणीतरी निघायचं आणि सगळ्या मंडळात बोभाटा व्हायचा. ही भीती खोटी नाही, आपला समाज छोटा आहे. इंटरप्रिटरला ऐकलेलं बाहेर सांगायची परवानगी नसते, आणि ओळखीचा आवाज वाटला तर दुसरा मागता येतो, फोनवरचा इंटरप्रिटर बऱ्याचदा दुसऱ्याच राज्यात बसलेला असतो.

हा हक्क येतो कुठून तर १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या टायटल सिक्स मधून. केंद्र सरकारचे पैसे घेणारी कुठलीही संस्था, म्हणजे पोलीस, कोर्ट, हॉस्पिटल, बहुतेक शेल्टर सुद्धा, माणूस कुठल्या देशाचा आहे यावरून भेदभाव करू शकत नाही. १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी बोलणाऱ्या मुलांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की भाषा न समजणाऱ्या मुलांना तसंच वर्गात बसवून ठेवणं हाही त्या कायद्याचा भंग आहे, आणि भाषेचा सगळा युक्तिवाद तिथून उभा राहिला. २००० साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी १३१६६ नंबरचा आदेश काढून सरकारी खात्यांना भाषेची सोय करायला लावली. तो आदेश मार्च २०२५ मध्ये रद्द झाला, इंग्रजी ही अधिकृत भाषा म्हणून जाहीर करणाऱ्या नव्या आदेशाने. हे मी लपवत नाही कारण काही ठिकाणी आता "तो नियम गेला" असं तोंडावर सांगतात. आदेश गेला, १९६४ चा कायदा गेलेला नाही, आणि राज्यांचे स्वतःचे नियम वेगळे आहेत. न्यू जर्सीच्या कोर्टात इंटरप्रिटर कोर्टच देतं, फुकट, फक्त तारखेच्या आधी कळवावं लागतं की मराठी हवा. तारखेच्या दिवशी मिळाला नाही तर हिंदीवर भागवू नका, तारीख पुढे मागा आणि तोपर्यंत तात्पुरती ऑर्डर चालू ठेवा असं जजला स्पष्ट सांगायचं.

हॉस्पिटलमध्ये तर नवऱ्याला इंटरप्रिटर म्हणून उभं करणं हा सगळ्यात मोठा घात. "मी सांगतो ना, तिला इंग्रजी येत नाही" म्हणून तोच बोलतो आणि डॉक्टर लिहितात जिन्यावरून पडली. तिने "नो हजबंड, मराठी इंटरप्रिटर" एवढं म्हटलं तरी त्याला बाहेर काढतात. लहान मुलांकडून करवून घ्यायलाही आरोग्य कायद्यात मनाई आहे, अगदी आणीबाणी सोडून. मी एकदा सात वर्षांच्या मुलीला आईचं वाक्य इंग्रजीत सांगताना ऐकलंय, बाबांचं नाव आलं की ती गप्प व्हायची आणि बुटाच्या वेल्क्रोशी खेळत बसायची. पुन्हा ते बघायची माझी तयारी नाही.

आता व्हिसाचं. लोक सरसकट "व्हावा लाव" म्हणतात, व्हावा म्हणजे बायकांवरच्या हिंसेविरुद्धचा १९९४ चा अमेरिकन कायदा. त्या कायद्याखाली बाई नवऱ्याच्या सहीशिवाय, त्याला कळू न देता, स्वतः ग्रीन कार्डच्या दिशेने अर्ज करू शकते, आय-३६० नावाचा, पण नवरा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असेल तरच. तुमच्या भाचीचा नवरा एच-१बी वर आहे, त्यामुळे आज तरी ते दार तिला उघडं नाही. त्याच्या ग्रीन कार्डची फाइल कुठवर आलीय आणि त्यात तिचं नाव आहे का हे मात्र वकिलाने आधी बघायला हवं, त्यावर खूप काही ठरतं.

तिच्यासाठी दोन वाटा दिसतात. एक, एच-४ वरच्या अत्याचार झालेल्या बायकांना स्वतःचं वर्क परमिट मिळतं, आय-७६५व्ही हा फॉर्म, २०१७ पासून. नेहमीच्या एच-४ वर्क परमिटसारखं नवऱ्याची ग्रीन कार्डची पायरी पुरी व्हायला लागत नाही, त्याची सही लागत नाही. पण त्याने नुसतं काम करता येतं, राहायचं स्टेटस त्यातून मिळत नाही, हे नीट समजून घ्या. दुसरी, यू व्हिसा, २००० च्या कायद्याने आलेला. घरगुती हिंसा, कोंडून ठेवणं, लैंगिक अत्याचार अशा ठराविक गुन्ह्यांना बळी पडलेल्या आणि पोलिसांना तपासात मदत केलेल्या कोणालाही, नवऱ्याचं स्टेटस काहीही असो. पोलिसांची किंवा सरकारी वकिलांची सही असलेलं सर्टिफिकेट लागतं आणि त्या सहीनंतर सहा महिन्यांच्या आत अर्ज जायला हवा. वर्षाला फक्त १०,००० मिळतात त्यामुळे रांग कित्येक वर्षांची आहे, पण म्हणूनच पहिल्या रात्रीचा पोलीस रिपोर्ट, त्यातला तो "ते" की "माझा नवरा", एवढा महत्त्वाचा, कारण सर्टिफिकेट त्याच कागदावरून लिहिलं जातं.

घटस्फोटाची घाई नको. वेगळं राहिलं किंवा ऑर्डर घेतली म्हणून एच-४ जात नाही, पण घटस्फोटाचा अंतिम निकाल लागला की जातो. त्याने केस टाकलीच तर नोटीस दुर्लक्षून बसायचं नाही, लगेच वकील.

आणि ताई, सगळ्यात कळकळीने सांगते, "चल, दिवाळीला घरी जाऊन येऊ" असं तो अचानक गोड होऊन म्हणाला तर तिने विमानात बसू नये. मी हे इतक्या वेळा पाहिलंय. मुंबईला उतरले की पासपोर्ट घेऊन तो परत, ती माहेरी, मूल कधी तिच्याकडे कधी त्याच्याकडे. उलटंही तितकंच जपायचं, मूल असेल तर त्याला घेऊन गुपचूप भारतात पळून यायचा सल्ला घरच्यांनी देऊ नका, इथे त्याला मुलाचं अपहरण म्हणतात आणि तिच्यावरच वॉरंट निघू शकतं. तरीही ती तिकडे अडकलीच, तर नाशिकमधूनच तक्रार करता येते, लग्नानंतरचा छळ माहेरच्या गावी नोंदवता येतो हे सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये स्पष्ट केलंय, आणि २००५ च्या घरगुती हिंसा कायद्याखाली ती जिथे तात्पुरती राहतेय तिथल्या कोर्टातही जाता येतं. पासपोर्ट त्याने दिलाच नाही तर पोलीस रिपोर्ट घेऊन न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासात नव्यासाठी अर्ज करता येतो.

मदत कोणाकडे मागायची तर न्यू जर्सीत मानवी ही संस्था १९८५ पासून फक्त दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करते, न्यूयॉर्कला सखी आहे १९८९ पासून. राष्ट्रीय हेल्पलाइन १-८००-७९९-७२३३, चोवीस तास, इंटरप्रिटर लावून बोलतात, तिथेही पहिला शब्द "मराठी". स्टेटस कोणी विचारत नाही, पैसे लागत नाहीत.

तुम्ही नाशिकहून काय करू शकता हेही विचारलंत. खूप काही. तिने तुम्हाला पाठवलेले व्हॉट्सॲप मेसेज आणि व्हॉइस नोट पुसू नका, चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, तारीख-वेळ दिसली पाहिजे. "मावशी आज परत तसंच झालं, बाथरूममध्ये दार लावून बसलेय" हा रात्री दीड वाजताचा एक मेसेज इथे फोटोइतका पुरावा असतो. ते मराठीतच राहू दे, इमिग्रेशनला देताना पूर्ण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतर करणाऱ्याने मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर बरोबर आहे असं सही करून लिहिलेलं पत्र पुरतं, नोटरी किंवा सरकारी शिक्का लागत नाही. "तसंच" म्हणजे काय ते भाषांतरात बदलू नका, ते तिने तिच्या जबानीत सांगायचं. तिचा जन्मदाखला, लग्नाचा दाखला, पासपोर्टच्या पानांची झेरॉक्स तुमच्याकडे असेल तर स्कॅन करा. फक्त हे सगळं तिच्या नेहमीच्या ईमेलवर पाठवू नका. तिचा फोन त्याच्या फॅमिली प्लॅनवर असणार, आणि व्हॉट्सॲपच्या लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये त्याचा लॅपटॉप आहे का हे तिने आधी बघायला हवं, पण दिसला तरी लगेच काढून टाकायचा नाही, त्याला कळेल. नवीन ईमेल लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर उघडायचा आणि तिथेच वापरायचा.

जावयाला फोन करून झापू नका, त्याच्या आईलाही नको. मला माहितीये तुमचा जीव तुटतोय, पण त्या फोनची किंमत त्या रात्री ती मोजते.

पुढच्या वेळी तिच्याशी बोलाल तेव्हा एवढंच विचारा की तो ऑफिसला कुठल्या दिवशी जातो आणि किती वाजता परत येतो. आणि दोघींत एक साधा शब्द ठरवून घ्या, लोणचं म्हणा, पापड म्हणा, जो फोनवर आला की तुम्ही काही न विचारता तिचा पत्ता हातात घेऊन मदत मागायला लागाल. तो पत्ता, अपार्टमेंट नंबरसकट, इंग्रजीत एका कागदावर लिहून आजच फोनजवळ ठेवा.